साखर रक्तात, झीज मेंदूत

साखर पायाला लागते, डोळ्याला लागते, मूत्रपिंडाला लागते, हे आता पनवेल तालुक्यात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पायाची जखम चिघळून बोट काढावे लागलेला एखादा तरी माणूस बहुतेकांच्या ओळखीचा असतो. पण हीच साखर मेंदूलाही लागते, आणि ती नुसती चक्कर येण्यापुरती नव्हे तर मेंदूचा काही भाग आकसण्यापर्यंत लागते, ही गोष्ट अजून ओटीवरच्या बोलण्यात आलेली नाही. घरातले वडीलधारे माणूस नावे विसरू लागले, तोच प्रश्न दोनदा विचारू लागले, की आपण म्हणतो, "वय झालं त्यांचं." वय होतेच, त्याला कोणाचा इलाज नाही. पण त्या विसराळूपणामागचे एक कारण पंधरा-वीस वर्षे आधीच शरीरात रुजलेले असू शकते. आणि त्या वेळी त्या माणसाचा साखरेचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आलेला असू शकतो.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. शेतकी पदविका घेऊन विस्तार कार्याच्या नोकरीत आलेला माणूस. करपा कोणता, कडा करपा कोणता, एकरी खत किती, एवढाच माझा अधिकार. राहायला कामोठ्यात आणि फिरणे तालुक्यातल्या उरल्यासुरल्या भातशेतीच्या गावांत. मग मी या विषयात का पडलो? तर डॉक्टर मंडळी ज्याला 'इन्सुलिन रेझिस्टन्स' म्हणतात, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणे, त्याची मुळे शोधत गेले की ती भाताच्या ताटात आणि अंगमेहनतीत सापडतात. आणि या दोन गोष्टी माझ्या खात्यातल्या आहेत.

शेत गेले, भात राहिला

कामोठे आज सेक्टरांचे शहर आहे. जवळ मानसरोवर आणि खांदेश्वर ही दोन रेल्वे स्टेशने, पलीकडे सायन-पनवेल महामार्ग, आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेचा कारभार. नव्याने राहायला आलेल्या माणसाला इथे भात पिकत होता असे सांगितले तर खरे वाटत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. कामोठे त्यांतलेच एक. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई भागात आंदोलन पेटले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. हा इतिहास इथल्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला त्यातली एकच बाजू सांगायची आहे, जी मोबदल्याच्या कागदावर येण्यासारखी नव्हती.

खाडीकाठची भातशेती म्हणजे अंग मोडणारे काम. उन्हाळ्यात राब भाजायचा, बांधबंदिस्ती करायची. उधाणाने बांध फोडला की रात्री-अपरात्री चिखल वाहायचा. पाऊस लागला की पेरणी, मग गुडघाभर गाळात चिखलणी, कमरेत वाकून आवणी, त्यानंतर बेणणी, कापणी, डोक्यावरून भारे वाहून खळ्यावर नेणे, झोडणी. मधल्या रिकाम्या दिवसांत मिठागर किंवा खाडी. एवढे राबणाऱ्या बाईमाणसाने, बाप्यामाणसाने ताटभर भात आणि वर दोन तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या, तरी संध्याकाळपर्यंत त्याचा हिशेब चुकता होत होता. कारण जेवणातली साखर साठवून घेणारे शरीरातले सगळ्यांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर उचलतो.

मग एका पिढीत हे काम गेले. कोणी नोकरीला लागला, कोणी गाडी घेतली, कोणी गाळा काढला, कोणाला खोल्यांचे भाडे सुरू झाले. बसून राहण्याचे तास वाढले. ताट मात्र तेच राहिले. उलट तांदूळ आणखी पांढराशुभ्र झाला, चहाबरोबर पाव-खारी आली, आल्यागेल्याला ताकाऐवजी थंड पेयाची बाटली फुटू लागली. यात कोणाला दोष द्यायचा नाही. जमिनीचा ताबा एका दिवसात देता येतो, जिभेची सवय तशी देता येत नाही. आणि हे गावठाणापुरतेच आहे असेही नाही. घाटावरून, कोकणातून येऊन इथल्या सेक्टरांत राहिलेल्या आमच्यासारख्या नोकरदारांचे वडीलही नांगरामागेच चालत होते. आम्ही लोकलमध्ये उभे राहतो, एवढाच काय तो व्यायाम.

२०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्या लोकांचा आकडा मोठा आहे, तो लक्षात ठेवा. मेंदूची गोष्ट त्या उंबरठ्याच्याही आधी सुरू होते.

ओल आहे, पण रोप सुकते

इन्सुलिन हा स्वादुपिंडातून रक्तात सुटणारा रस. टोरांटो इथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी तो वेगळा काढला, आणि पुढच्याच वर्षी तो टोचून मरणाच्या दारातली मुले वाचू लागली. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींनी आत घ्यावी, यकृताने स्वतःची साखर सोडणे थांबवावे, हा निरोप इन्सुलिन देते. काही शरीरांत पेशी हा निरोप नीट ऐकेनाशा होतात. साखर दारात उभी, पण दार किलकिलेच उघडते.

खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. खारपट जमिनीत ओल असते, हाताला लागते, तरी रोपाचे शेंडे करपतात. कारण मातीतल्या पाण्यात क्षार इतके झालेले असतात की मुळांना ते पाणी ओढून घेता येत नाही. रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरते. रक्तात साखर भरपूर आणि स्नायू उपाशी, ही तशीच स्थिती. खारपट जमिनीवर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. शरीराला मात्र जात बदलण्याची सोय नाही.

आता यातली फसवी गोष्ट ऐका. पेशी दाद देत नाहीत म्हटल्यावर स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडू लागते. विहिरीला पाणी कमी पडू लागले की पंप रात्रंदिवस चालवावा, तसे. वरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगार दिसते. उपाशीपोटीची साखर ९० किंवा ९५ येते, घरचे खूश, आपण खूश. हा प्रकार दहा-दहा वर्षे चालू शकतो. मग एक दिवस मोटर थकते आणि साखर १००, ११०, १३० अशी वर चढू लागते. तेव्हा आपण म्हणतो, "मला यंदा साखर निघाली." निघाली यंदा, पण तिची पेरणी कितीतरी आधीची असते.

हे आधी ओळखायचे असेल तर डॉक्टर उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन या दोन्ही तपासण्या करतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि ४०५ ने भागायचे. समजा दोघा भावांची साखर ९५ च आहे. एकाचे इन्सुलिन ६, त्याचे उत्तर साधारण १.४ येते. दुसऱ्याचे इन्सुलिन १८, त्याचे उत्तर ४.२ येते. साखरेचा कागद दोघांचा सारखा, पण दुसऱ्या भावाचा पंप रात्रंदिवस चालू आहे. नेमकी मर्यादा प्रयोगशाळेप्रमाणे बदलते, म्हणून कागदाचा अर्थ डॉक्टरांनाच विचारावा. बिनखर्चाची खूण हवी असेल तर शिंप्याची टेप घ्या. आपल्या लोकांत पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर धोक्याचे समजतात. मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी जाड कातडी दिसली तर ती मळ समजून घासत बसू नका. बऱ्याचदा तो वाढलेल्या इन्सुलिनचा छाप असतो. शाळकरी पोरांच्या मानेवरही तो दिसतो.

मेंदूत काय होते

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यातला एक किलो. पण शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास वीस टक्के तो एकटा खातो, आणि ती मुख्यतः साखरेच्या रूपाने. ही साखर घ्यायला मेंदूला इन्सुलिनची फारशी गरज पडत नाही. त्यामुळे इन्सुलिनचा आणि मेंदूचा संबंध नाही असे बरीच वर्षे धरून चालले होते. १९७८ साली उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचा निरोप ऐकणारी केंद्रे सापडली आणि मत बदलू लागले. आज माहीत आहे ते असे की इन्सुलिन तिथे साखर भरण्यापेक्षा मुकादमाचे काम करते. मेंदूच्या पेशींमधले जोड घट्ट ठेवणे, बारीक रक्तवाहिन्या सैल ठेवणे, भूक आवरणे ही कामे त्याच्याकडे आहेत.

हा निरोप ऐकणारी केंद्रे जिथे दाट आहेत, त्यांतला एक भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला एकेक, समुद्रातल्या घोडमाशासारखा बाक असलेला छोटा तुकडा. नवी आठवण पक्की करणे आणि जागेचा नकाशा डोक्यात ठेवणे ही त्याची कामे. कामोठ्याच्या गावठाणात सत्तरी ओलांडलेले असे लोक आहेत, जे इमारतींच्या जंगलात उभे राहून सांगतात की इथे अमक्याचे खाचर होते, इथून मिठागराची वाट जात होती, उघाडी त्या कोपऱ्यावर होती. सातबारा बदलला, नकाशे बदलले, पण जुना गाव काही डोक्यांत शाबूत आहे. वारसाच्या भांडणात अजूनही अशाच माणसाला बोलावून विचारतात. जागेचा असा नकाशा मांडण्यात या तुकड्याचा मोठा वाटा असतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. म्हणजे हा अवयव दगडासारखा ठरलेला नाही, तो वापराने वाढतो. आणि झिजतोही.

झिजण्याबद्दलचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे साठ ते चौसष्ट वयाच्या २४९ लोकांचे एमआरआय काढले आणि चार वर्षांनी पुन्हा काढले. यांतल्या कोणालाही मधुमेह नव्हता. सगळ्यांची उपाशीपोटीची साखर नॉर्मल म्हणतात त्या पट्ट्यात होती. तरीही पट्ट्याच्या वरच्या टोकाला असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस खालच्या टोकाच्या लोकांपेक्षा जास्त आकसलेला निघाला. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत सिॲटल भागातल्या २,०६७ वृद्धांवरच्या अभ्यासाने (२०१३) दाखवले की मधुमेह नसतानाही ज्यांची सरासरी साखर ११५ होती, त्यांना सरासरी १०० असणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी अधिक होता. आणि प्रत्यक्ष मधुमेह असेल तर? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या पाहणीत (१९९९) तो धोका जवळपास दुप्पट आढळला.

असे का होते, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, तुंबतात. पाटाच्या शेवटच्या चारीत गाळ साचला की टोकाचे वाफे आधी वाळतात, तसे मेंदूच्या आतले पांढरे द्रव्य, म्हणजे एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणाऱ्या तारा, ठिकठिकाणी खराब होतात. दुसरे असे की रक्तात सतत इन्सुलिन जास्त राहिले तर मेंदूच्या वेशीवरून आत जाणारे इन्सुलिन उलट कमी होते असे दिसते. बाहेर पूर, आत टंचाई. शिवाय शरीरातले एक विकर इन्सुलिनही मोडते आणि अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे प्रथिनही मोडते. ते इन्सुलिन मोडण्यातच गुंतले तर दुसरा कचरा पडून राहत असावा, असा एक तर्क आहे. तर्कच, अजून.

इथे एक इशारा द्यायला हवा. अल्झायमरला 'टाइप ३ मधुमेह' म्हणण्याची पद्धत २००५ पासून निघाली आहे. ती डॉक्टरांची अधिकृत निदानाची संज्ञा नव्हे. साखर असलेल्या प्रत्येकाला विसर पडतो असे नाही, आणि विसर पडणाऱ्या प्रत्येकाला साखर असते असेही नाही. वर सांगितलेले अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालताना दाखवतात. त्यातली किती झीज एकट्या इन्सुलिनमुळे आणि किती रक्तदाब, चरबी, तंबाखू, अपुरी झोप यांमुळे, हे वेगळे काढणे अवघड आहे. गोळ्यांनी साखर एकदम खाली दाबली की मेंदू वाचला, असेही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (२०११) साखर कडक आवळलेल्या मधुमेहींचा मेंदू थोडा कमी आकसला, पण त्यांची बुद्धी त्यामुळे अधिक तल्लख राहिली नाही, आणि त्याच चाचणीत कडक उपचारांच्या गटात मृत्यू जास्त झाले. उशिरा बांध घालण्यातली ही अडचण आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत

आपल्या माणसांबाबत हा विषय आणखी आधी सुरू होतो, अगदी आईच्या पोटात. त्यासाठी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला जायला नको. शेजारच्या कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागले की पुणे गाठता येते. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम हाती घेतले. शेतात राबणाऱ्या बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची नोंद ठेवायची, मग बाळाची, आणि ते बाळ मोठे होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा. ती मुले आज तिशीच्या घरात आहेत.

त्यांना दिसले ते चमत्कारिक होते. आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. डॉ. याज्ञिकांनी हे मोठ्या माणसांतही दाखवले. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले स्वतःचे आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी उभे राहिलेले छायाचित्र दिले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून 'मी कुठे जाडा आहे, मला साखर कशी होईल' हे आपल्याकडे चालत नाही. वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप खरे बोलते ती याचसाठी.

याच सहा गावांत निम्म्याहून अधिक गरोदर बायकांमध्ये ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सगळ्यांत अधिक निघाले. हे २००८ साली छापून आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात असे दिसले की गरोदरपणी ब-१२ फार कमी असलेल्या आयांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवण्यात आणि लक्ष टिकवण्याच्या चाचणीत मागे पडत होती. शरीराचा साखरेशी व्यवहार आणि डोक्याची धार, या दोन्हींत आईच्या ताटाचा वाटा दिसतो. (यावरून कोणी गरोदर बाईने सरकारी दवाखान्यातल्या लोह-फॉलिक गोळ्या बंद करू नयेत. त्या लागतातच. ब-१२ची तपासणी वेगळी विचारावी.) आणखी एक गोष्ट माझ्या खात्याच्या माणसाला सुखावणारी आहे. ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे अधिक वजनाची निघाली. परसातल्या माठाच्या वाफ्याचे मोल याहून निराळ्या शब्दांत काय सांगावे?

ब-१२ बाबत खाडीकाठचा माणूस एका अर्थी सुदैवी. मासळी, सुका जवळा, अंडी यांतून ते मिळते, पालेभाजीत ते नसते. पण साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे ब-१२ हळूहळू उतरू शकते, मग तो रोज मासे खाणारा असला तरी. आणि ब-१२ कमी झाल्यानेही विसर पडतो, हातपाय बधिर होतात. हा विसर वेळेत उपचार केले तर बराचसा भरून येऊ शकतो. तेव्हा वडीलधाऱ्यांना 'वय झालं' म्हणून सोडून देण्याआधी ब-१२ आणि थायरॉइड या दोन तपासण्या करून घ्या.

ताट, पाय आणि गोळी

आता तुम्ही म्हणाल, साहेब, शेत तर परत येणार नाही, मग करायचे काय? शेत येणार नाही, पण शेतातले चालणे येऊ शकते. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० लोकांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटे झपझप चालायला लावले, दुसऱ्याला नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम दिले. वर्षाअखेर एमआरआयमध्ये चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्यांचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. हे २०११ सालचे आहे. या अभ्यासातल्या माणसांनी चालण्यावाचून काही केले नाही, ना औषध घेतले ना टॉनिक. मेंदूच्या टॉनिकच्या जाहिराती पाहून मला युरियाच्या जोडीला गळ्यात मारल्या जाणाऱ्या बाटल्या आठवतात. जास्त न बोललेले बरे.

कामोठ्यात चालायला रस्ते आहेत, खांदेश्वरचा तलाव जवळ आहे. पहाटे जमत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. त्या वेळी रक्तात साखर चढत असते आणि चालता पाय ती तिथल्या तिथे उचलतो.

ताटाबद्दल मी भात सोडा म्हणणार नाही. रायगडच्या माणसाला भात सोडा म्हणणे म्हणजे घर सोडा म्हणण्यासारखे आहे. पण आपण भाताला खत कसे घालतो ते आठवा. युरिया फोकून दिला की रोप चार दिवस काळेशार होते, बराचसा युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, आणि कीड वाढते ती वेगळी. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची ब्रिकेट मुळाजवळ खोचतो, ती हळूहळू विरघळते. पांढरा पॉलिशचा भात, पाव, थंड पेय ही फोकलेल्या युरियाची जात. उकडा किंवा कमी सडलेला तांदूळ, कडवा वाल, मूग, मटकी ही ब्रिकेटची जात. आधी भाजी, वाल, मासळी खाऊन भात शेवटी आणि बेताचा घेतला, तर तोच भात साखर कमी चढवतो. नाचणी चांगली, पण ती औषध नव्हे. तिच्याही चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच, आणि बारीक वस्त्रगाळ सत्त्व अख्ख्या पिठाच्या भाकरीपेक्षा लवकर चढते. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी खाणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिठूळ. तो उपास स्वादुपिंडाला कळत नाही.

उपासावरून एक गंभीर गोष्ट. एक मावशी मला सहज बोलून गेल्या, "दादा, गोली घेतली हाय, पन आज उपास हाय ना, काय खाल्ला नाय." साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिनचे इंजेक्शन घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, बडबड, कधी बेशुद्धी. मेंदूला साखर हवीच असते, त्यामुळे हा धक्काही त्यालाच बसतो. अशी खालावलेली साखर वारंवार झालेल्या वृद्धांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळल्याचे २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले आहे. म्हातारे माणूस संध्याकाळी असंबद्ध बोलू लागले तर 'भ्रमिष्ट झाले' म्हणण्याआधी साखर तपासा. ती कमी निघाली आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. सणावारी उपास करायचा असेल तर गोळी किती व केव्हा, हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावे.

तपासणीसाठी फार लांब जावे लागत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील माणसांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासण्याचा कार्यक्रम आहे, आणि कामोठ्यात तर एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. उपाशीपोटीच्या तपासणीला किमान आठ तास काही खाऊ नये, पाणी चालते, चहा चालत नाही. १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि पुढे पुन्हा तपासून तेच आले तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. तिथे ५.७ ते ६.४ हा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. मात्र अंगात रक्त फार कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर ही दुसरी तपासणी चुकीचा आकडा देऊ शकते, ते तपासणाऱ्याला आधी सांगावे. जाताना जुने कागद टाकून देऊ नका. पाच वर्षांपूर्वी ८८, मग ९३, आता ९८ असे आकडे असतील तर प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' लिहिलेले असेल. तीनही कागद एकाखाली एक ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि कंबर किती वाढली तेही सांगा.